आधी तालिका, मग यंत्रे : इंटरनेटच्या काळात ग्रंथालयाची सेवा कशी उभारावी

ग्रंथालयाने इंटरनेटच्या काळाशी जुळवून घ्यायचे ठरवले की पहिली बैठक बहुधा खरेदीच्या यादीवर होते. संगणक किती घ्यायचे, स्कॅनर कोणता, संकेतस्थळ कोणाकडून करून घ्यायचे, यांवर चर्चा होते आणि निधीही मंजूर होतो. पुढे वर्षभराने यंत्रे असतात, संकेतस्थळ असते, परंतु वाचक मात्र पूर्वीप्रमाणेच देवघेवीच्या टेबलापाशी येऊन ‘अमुक पुस्तक आहे का’ असे विचारतो आणि कर्मचारी पूर्वीप्रमाणेच कपाटाकडे जाऊन शोधू लागतो. हे टाळता येते. त्यासाठी कामाचा क्रम बदलावा लागतो, आणि लहान वा मध्यम आकाराच्या सार्वजनिक व शैक्षणिक ग्रंथालयांत काम करणाऱ्यांसाठी तोच क्रम येथे मांडला आहे. इंटरनेटवरून दिलेली प्रत्येक सेवा अखेर दोन गोष्टींवर उभी राहते: आपल्याजवळ काय आहे याची बिनचूक नोंद, म्हणजेच तालिका, आणि वाचकाला नेमके काय हवे आहे हे ओळखणारा माणूस. या दोन्ही गोष्टी विकत मिळत नाहीत, त्या घडवाव्या लागतात. म्हणून सुरुवात तेथूनच करावी.

प्रश्नांची वही

पहिले पंधरा दिवस काहीही विकत न घेता देवघेवीच्या टेबलावर एक वही ठेवावी. तिच्यात चार रकाने आखावेत: वाचकाने काय विचारले, त्याला काय दिले, किती वेळ लागला, आणि तो रिकाम्या हाताने परतला असेल तर का परतला. प्रश्न वाचकाच्याच शब्दांत लिहावा, आपल्या शास्त्रीय परिभाषेत नव्हे. कारण पुढे शोधपेटीत तो हेच शब्द टाइप करणार आहे. वाचकाचे नाव मात्र लिहू नये, ते कारणाशिवाय साठवण्याचा आपल्याला अधिकार नाही.

पंधरा दिवसांनी वही वाचली की प्रश्नांचे गट आपोआप दिसू लागतात. पुस्तक नोंदवहीत आहे पण फळीवर सापडत नाही, हा एक गट. पुस्तक बाहेर गेले आहे पण केव्हा परत येईल हे सांगता येत नाही, हा दुसरा. आपल्याकडे नाही आणि दुसरीकडे कोठे मिळेल हे ठाऊक नाही, हा तिसरा. चौथ्या गटातील वाचकाला पुस्तक नकोच असते. त्याला अर्ज भरायचा असतो, काही छापून हवे असते किंवा मोबाइलवर आलेल्या बातमीची खातरजमा करून घ्यायची असते. पहिल्या गटावर उपाय साठापडताळणी, म्हणजे नोंदवही आणि फळी ताडून पाहणे, हा आहे, दुसऱ्यावर संगणकीकृत देवघेव, तिसऱ्यावर आंतरग्रंथालयीन देवघेव आणि चौथ्यावर प्रशिक्षित माणूस. कोणता गट मोठा आहे हे कळल्यावरच निधी कोठे घालायचा ते ठरवावे. भारतीय ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथन यांनी १९३१ मध्ये मांडलेल्या ग्रंथालयशास्त्राच्या पाच सूत्रांपैकी चौथे सूत्र वाचकाचा वेळ वाचवा असे सांगते. वहीतील तिसरा रकाना हा त्या सूत्राचा हिशेब आहे, आणि वर्षभरानंतर हीच वही पुन्हा ठेवली तर आपण खरोखर काही सुधारले की नाही हे त्याच रकान्यात दिसते.

तालिका : जेथे सर्वाधिक वेळ द्यावा

दाखल नोंदवही, म्हणजे आलेले प्रत्येक पुस्तक क्रमांकाने टिपणारी वही, समोर ठेवून तिच्यातील ओळी जशाच्या तशा संगणकात भरण्याची घाई बहुतेक ठिकाणी होते, आणि पुढच्या निम्म्या अडचणी त्या घाईतून जन्म घेतात. आधी साठापडताळणी करावी. जी पुस्तके गहाळ आहेत, जी वाळवीने किंवा ओलीने निकामी झाली आहेत, ज्यांची माहिती कालबाह्य होऊन वाचकाची दिशाभूल करू शकते, ती नियमानुसार खारीज करून घ्यावीत. अस्तित्वात नसलेले पुस्तक कागदावरच्या नोंदवहीत राहिले तरी कोणाला त्रास देत नाही. परंतु इंटरनेटवर दिसणाऱ्या तालिकेत ते असेल तर दूरवरून कोणीतरी त्यासाठी प्रवास करून येतो, आणि पुन्हा त्या तालिकेवर विश्वास ठेवत नाही.

नोंदी कशा स्वरूपात ठेवायच्या हा प्रश्न सुदैवाने जगाने पूर्वीच सोडवून ठेवला आहे. अमेरिकेतील लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये हेन्रिएट ॲव्रम यांनी १९६० च्या दशकात संगणकाला वाचता येईल असा मार्क हा नोंदींचा आराखडा तयार केला, आणि त्याचे मार्क २१ हे रूप आज जगभर चालते. यात प्रत्येक प्रकारच्या माहितीला ठरावीक क्रमांक असतो: लेखकासाठी १००, शीर्षकासाठी २४५, शीर्षकाच्या पर्यायी रूपांसाठी २४६, आंतरराष्ट्रीय मानक पुस्तक क्रमांकासाठी (आयएसबीएन) ०२०. तक्त्यांच्या साध्या फाइलीत यादी करणे सोपे वाटते, परंतु ती यादी दुसऱ्या ग्रंथालयाला वाचता येत नाही आणि पुढे आज्ञावली (सॉफ्टवेअर) बदलायची वेळ आली की सारे काम पुन्हा करावे लागते. म्हणून पहिल्या दिवसापासून मानक आराखड्याचाच आग्रह धरावा.

आज्ञावलीसाठी मुक्त स्रोतातील, म्हणजे कोणालाही वापरता व बदलता येणारी, कोहा हा पर्याय आधी पाहावा, असे माझे स्पष्ट मत आहे. न्यूझीलंडमधील होरोफेनुआ येथील ग्रंथालयांसाठी ती १९९९ मध्ये तयार झाली, जानेवारी २००० पासून वापरात आली आणि पुढे जगभरातील ग्रंथपाल व तंत्रज्ञांनी ती वाढवली. माओरी भाषेत कोहा या शब्दाचा अर्थ भेट असा आहे. आज्ञावली फुकट मिळाली तरी ती बसवणे, सांभाळणे आणि कर्मचाऱ्यांना शिकवणे यांना खर्च व वेळ लागतो, हे अंदाजपत्रकात आधीच धरावे. आज्ञावली विकत घेणार असाल तर करारात एक कलम अवश्य घालून घ्यावे: सर्व नोंदी मार्क स्वरूपात, कोणत्याही वेळी आणि अतिरिक्त शुल्काशिवाय बाहेर काढून घेता आल्या पाहिजेत. हे कलम मान्य न करणाऱ्या विक्रेत्याकडून घेऊ नये, मग इतर सोयी कितीही आकर्षक असोत.

प्रत्येक नोंद स्वतः टंकित करण्याची गरज नाही. झेड ३९.५० या नियमावलीच्या आधारे मोठ्या ग्रंथालयांच्या तालिकांमधून तयार नोंद शोधून आपल्याकडे उतरवून घेता येते. मानक क्रमांक दिला की बहुतेक अलीकडच्या पुस्तकांची नोंद काही क्षणांत मिळते. हा क्रमांक १ जानेवारी २००७ पासून १३ अंकी झाला, त्याआधीच्या पुस्तकांवर तो १० अंकी असतो, त्यामुळे शोधताना दोन्ही रूपे वापरून पाहावीत. उतरवलेली नोंद प्रत्यक्ष पुस्तकाशी ताडून पाहिल्याशिवाय स्वीकारू नये. आवृत्ती, खंड आणि अनुवादकाचे नाव यांत चुका असतात.

देवनागरीतील पुस्तकांच्या बाबतीत अधिक जपावे लागते, आणि येथे थोडे विस्ताराने लिहिणे मला आवश्यक वाटते, कारण इथली चूक वर्षानुवर्षे डोळ्यांना दिसत नाही. युनिकोडची, म्हणजे सर्व लिप्यांतील अक्षरांना ठरावीक संकेत देणाऱ्या मानकाची, पहिली आवृत्ती १९९१ मध्ये आली, तरी त्यानंतर अनेक वर्षे जुन्या पद्धतीच्या फाँटमध्ये टंकन होत राहिले. अशा फाइलीत पडद्यावर अक्षरे मराठी दिसतात, पण आत रोमन अक्षरांचे संकेत साठवलेले असतात, त्यामुळे शोधयंत्राला ती वाचताच येत नाहीत. जुनी यादी असेल तर तिच्यातील चार ओळी उचलून मोबाइलवरील संदेशात चिकटवून पाहाव्यात. मजकूर रोमन अक्षरांचा गोंधळ होऊन उमटला तर तो आधी रूपांतरित करावा आणि रूपांतरानंतर माणसाकडून तपासून घ्यावा. युनिकोडमध्येही एक सूक्ष्म अडचण आहे. ‘ॲ’ हे अक्षर एका स्वतंत्र संकेताने लिहिता येते, तसेच ‘अ’ पुढे चंद्र जोडूनही लिहिता येते. दोन्ही सारखेच दिसतात, पण संगणकाच्या लेखी ते वेगळे शब्द आहेत. म्हणून सर्व टंकनकारांनी एकच कळफलक वापरावा आणि कोणते अक्षर कसे लिहायचे याचा एक पानी नियम टेबलावर चिकटवून ठेवावा.

हेच नावांचेही आहे. आइन्स्टाइन, आईन्स्टाईन, आइनस्टाइन अशी एकाच शास्त्रज्ञाच्या नावाची तीन रूपे तीन पुस्तकांवर छापलेली असतात. त्यांपैकी एक रूप अधिकृत ठरवून नावांची स्वतंत्र सूची ठेवावी आणि उरलेली रूपे तिच्यात पर्याय म्हणून नोंदवावीत, म्हणजे वाचकाने कोणतेही लिहिले तरी तो त्याच ठिकाणी पोहोचतो. शीर्षकाचे रोमन लिप्यंतरही जोडावे. मार्क २१ मध्ये ८८० हा रकाना दुसऱ्या लिपीतील रूपासाठीच राखलेला आहे. पुष्कळ वाचक मराठी पुस्तक शोधताना रोमन अक्षरे टाइप करतात, आणि त्यांना त्याबद्दल दोष देण्यापेक्षा त्यांच्यासाठी वाट करून देणे आपले काम आहे.

संकेतस्थळ

तालिका नीट झाली की संकेतस्थळाचे निम्मे काम झालेले असते. पहिल्या पानावर शोधपेटी, आजची वेळ, सुट्टीची सूचना, पत्ता आणि संपर्क एवढे दिसले तरी पुरे. बहुसंख्य वाचक मोबाइलवरून येतात, म्हणून पान आधी मोबाइलवर तपासावे आणि मगच मोठ्या पडद्यावर. सभासदाला आपले खाते उघडून घेतलेली पुस्तके, परतीची तारीख, मुदतवाढ आणि आरक्षण या चार गोष्टी स्वतः करता आल्या पाहिजेत. परतीच्या तारखेआधी दोन दिवस आठवणीचा संदेश गेला तर बरीच पुस्तके वेळेवर परततात, शिवाय दंडावरून होणारे वादही टळतात.

सूचनांचा कागद छायाचित्र काढून संकेतस्थळावर चढवण्याची सवय मात्र मोडावी. तशी प्रतिमा शोधात सापडत नाही आणि दृष्टिहीन वाचकाच्या पडदावाचक आज्ञावलीला ती वाचता येत नाही. मजकूर मजकूर म्हणूनच लिहावा, चित्रांना वर्णन जोडावे आणि अक्षरे व पार्श्वभूमी यांच्या उजळपणातील फरक पुरेसा ठेवावा. संकेतस्थळांच्या सुलभतेविषयीच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांत साध्या मजकुरासाठी हे प्रमाण किमान ४.५ : १ असे दिले आहे. एनव्हीडीए ही विनामूल्य पडदावाचक आज्ञावली बसवून, डोळे मिटून, आपल्याच संकेतस्थळावर एक पुस्तक शोधून पाहावे. त्या दहा मिनिटांत जे उणे कळते ते कोणत्याही तपासणी अहवालात कळणार नाही.

ई-पुस्तके : मालकी आणि परवाना

छापील पुस्तक विकत घेतले की ते ग्रंथालयाच्या मालकीचे होते. फाटेपर्यंत कितीही वाचकांना देता येते. ई-पुस्तकाच्या बाबतीत बहुधा मालकी मिळत नाही, वापरण्याचा परवाना मिळतो, आणि परवान्याच्या अटी प्रकाशक ठरवतो. हार्परकॉलिन्स या प्रकाशनसंस्थेने २०११ मध्ये ग्रंथालयांना दिलेल्या ई-पुस्तकाचा परवाना २६ वेळा देवघेव झाल्यावर संपेल अशी अट घातली, तेव्हा ग्रंथपालांनी मोठा निषेध नोंदवला. तरीही ठरावीक वेळा किंवा ठरावीक वर्षे चालणारे परवाने त्यानंतर रूढ झाले. एका प्रतीवर एका वेळी एकच वाचक, ही मर्यादाही सामान्य आहे. म्हणून ई-पुस्तकांच्या संग्रहावर सही करण्यापूर्वी लेखी उत्तरे घ्यावीत: परवाना कधी संपतो, एका वेळी किती वाचक वापरू शकतात, करार थांबवल्यावर आधी पैसे भरलेल्या पुस्तकांचे काय होते, वाचकांच्या वापराची कोणती माहिती पुरवठादार साठवतो, आणि वापराची आकडेवारी काउंटर या वापर मोजण्याच्या सामाईक मानकानुसार मिळते का. शेवटचा मुद्दा नूतनीकरणाच्या वेळी फार उपयोगी पडतो, कारण पुरवठादाराने आपल्या पद्धतीने मोजलेले आकडे एकमेकांशी ताडून पाहता येत नाहीत.

ज्यांवर खर्च करावा लागत नाही अशा साधनांकडे तुलनेने दुर्लक्ष होते, याची मला खंत वाटते. प्रोजेक्ट गुटेनबर्ग १९७१ पासून हक्कमुक्त पुस्तके उपलब्ध करून देत आहे. मुक्त प्रवेशाच्या, म्हणजे कोणालाही विनामूल्य वाचता येणाऱ्या, नियतकालिकांची निर्देशिका २००३ पासून, तर तशाच पुस्तकांची निर्देशिका २०१२ पासून चालते. केवळ या संकेतस्थळांचे दुवे एका पानावर देऊन थांबू नये. आपल्या वाचकांच्या उपयोगाची निवडक शीर्षके आपल्या तालिकेत नोंदवावीत, म्हणजे विषय शोधणाऱ्याला फळीवरचे पुस्तक आणि इंटरनेटवरचे पुस्तक एकाच यादीत दिसेल. दर सहा महिन्यांनी दुवे चालू आहेत की नाहीत ते तपासावे.

एक धोका स्पष्ट सांगितला पाहिजे. ग्रंथालयाच्या मालकीचे, परंतु लेखनहक्क शिल्लक असलेले पुस्तक स्कॅन करून ते वाचकांना इंटरनेटवरून वापरायला देणे सुरक्षित आहे असे समजू नये. इंटरनेट अर्काइव्ह या अमेरिकेतील अंकीय ग्रंथालयाने अशा रीतीने पुस्तके दिली तेव्हा चार प्रकाशकांनी २०२० मध्ये अमेरिकेत दावा दाखल केला. मार्च २०२३ मध्ये निकाल प्रकाशकांच्या बाजूने लागला आणि सप्टेंबर २०२४ मध्ये अपील न्यायालयाने तो कायम केला. लेखनहक्काची मुदत देशोदेशी वेगळी असते, म्हणून आपल्या देशाचा कायदा पाहूनच पाऊल उचलावे. छापील मजकूर वाचू न शकणाऱ्या व्यक्तींसाठी मात्र वेगळी वाट आहे: २०१३ मध्ये संमत झालेला आणि ३० सप्टेंबर २०१६ पासून अमलात आलेला माराकेश करार, तो स्वीकारलेल्या देशांत, अशा वाचकांसाठी सुलभ स्वरूपातील प्रती तयार करण्यास व त्या देशाबाहेर पाठवण्यास मुभा देतो. या मुभेचा उपयोग करून घेणारी ग्रंथालये अधिक असायला हवीत.

अंकीकरण

सर्वच ग्रंथसंग्रह स्कॅन करण्याची कल्पना सोडून द्यावी. जे इतरत्र नाही तेच आधी घ्यावे: स्थानिक नियतकालिकांचे जुने अंक, संस्थांचे अहवाल, हस्तलिखिते, छायाचित्रे. हेच शीर्षक आधी कोणी स्कॅन करून ठेवले आहे का ते पाहण्यात दिलेला एक तास कित्येक दिवसांचे काम वाचवतो. पुढचा प्रश्न हक्काचा, आणि त्यानंतर कागदाच्या प्रकृतीचा. ठिसूळ कागद सपाट काचेवर दाबू नये. वरून छायाचित्र घेणारा, पुस्तक अर्धेच उघडे ठेवू देणारा स्कॅनर त्यासाठी वापरावा.

स्कॅनची मूळ प्रत ३०० ते ४०० डीपीआय (दर इंचातील ठिपके) इतक्या स्पष्टतेने, रंगीत आणि टिफ या प्रतिमास्वरूपात साठवावी. वाचकांसाठीची हलकी प्रत तिच्यापासून तयार करावी, आणि मूळ प्रतीवर कधीही काम करू नये. फाइलीच्या नावात दाखल क्रमांक, वर्ष आणि पानाचा क्रमांक असावा. ‘नवीन’, ‘अंतिम’ अशी नावे सहा महिन्यांनी कोणालाच उलगडत नाहीत. प्रत्येक वस्तूची नोंद डब्लिन कोअरच्या १५ घटकांत करता येते. हा आराखडा १९९५ मधील एका बैठकीतून आला आणि त्याचा साधेपणा हेच त्याचे बळ आहे: शीर्षक, निर्माता, विषय, तारीख, भाषा, हक्क अशा गोष्टी कोणताही प्रशिक्षित कर्मचारी भरू शकतो. साठवण व प्रदर्शनासाठी अमेरिकेतील एमआयटी हे विद्यापीठ आणि ह्यूलेट-पॅकार्ड ही कंपनी यांनी २००२ मध्ये खुली केलेली डीस्पेस ही आज्ञावली अनेक संस्था वापरतात.

प्रतिमेतील अक्षरे ओळखून त्यांचा मजकूर करण्यासाठी टेसरॅक्ट ही मुक्त स्रोतातील आज्ञावली देवनागरीसाठीही चालते. स्वच्छ आधुनिक छपाईवर ती चांगले काम करते. जुन्या खिळ्यांच्या छपाईत जोडाक्षरे आणि पुसट अनुस्वार तिला अडखळवतात. संपूर्ण मजकूर सुधारणे शक्य नसेल तर निदान शीर्षके, लेखकांची नावे आणि अनुक्रमणिका हाताने सुधाराव्यात, कारण वाचक प्रामुख्याने त्यांच्याच आधारे शोधतो.

जतनासाठी तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि त्यांपैकी एक इमारतीबाहेर, हा जुना नियम आजही उत्तम आहे. प्रत्येक फाइलीची ठसासंख्या (चेकसम), म्हणजे फाइलीतील मजकुरावरून संगणकाने काढलेली खुणेची संख्या, काढून ठेवावी आणि वर्षातून एकदा ती पुन्हा काढून पाहावी. जुळली नाही तर फाइल आतून बिघडली आहे असे समजून चांगल्या प्रतीवरून ती बदलावी. हे काम कोणाच्या नजरेस पडत नाही, म्हणून ते एका ठरावीक व्यक्तीच्या कर्तव्यसूचीत लेखी घालावे.

वाचनकक्षातील संगणक

घरी संगणक नसलेला, किंवा असूनही वापरता न येणारा माणूस हा या सेवेचा खरा धनी आहे. अर्ज, निकाल, नोकरीच्या जाहिराती हे सारे इंटरनेटवर गेल्यामुळे त्याचे ग्रंथालयावरचे अवलंबन वाढले आहे. त्याला मदत करताना कर्मचाऱ्याने शेजारी बसावे, पण माउस आपल्या हाती घेऊ नये. एकदा दुसऱ्याने करून दिलेले काम त्याला पुढच्या वेळी पुन्हा विचारावेच लागते. परवलीचे शब्द वाचकानेच टाइप करावेत आणि कर्मचाऱ्याने त्या क्षणी नजर दुसरीकडे वळवावी. प्रत्येक वापरानंतर संगणक स्वतःहून आधीची सर्व माहिती पुसून टाकेल अशी मांडणी करून घ्यावी. जोडणी क्षीण किंवा खंडित असेल तेथे किविक्स या आज्ञावलीच्या साहाय्याने विकिपीडियासारखे साहित्य आधीच उतरवून इंटरनेटशिवाय वाचायला देता येते.

संदर्भसेवा

इंटरनेटवर उत्तरे मिळतात, मग संदर्भसेवेची गरज उरली आहे का, असे विचारले जाते. माझ्या मते ती वाढली आहे, फक्त तिचे स्वरूप पालटले आहे. पूर्वी वाचकाला माहिती सापडत नसे. आता त्याला फार सापडते आणि कोणती खरी हे ठरवता येत नाही. त्याला एक साधी रीत शिकवावी. एखादे अनोळखी पान समोर आले की तेच पान खोलात वाचत न बसता, दुसरी खिडकी उघडून त्या पानाच्या कर्त्याविषयी इतर काय म्हणतात ते आधी पाहावे. तथ्यतपासणीचा व्यवसाय करणारे असेच करतात. छायाचित्र संशयास्पद असेल तर प्रतिमेवरून उलट शोध घेऊन ते आधी कोठे व केव्हा आले होते ते पाहावे. महिन्यातून एकदा, तासभर, चालू बातम्यांची उदाहरणे घेऊन वाचकांसमवेत हे करून दाखवले तर ते व्याख्यानापेक्षा अधिक टिकते.

संवाद साधणाऱ्या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साधनांनी आणखी एक काम आपल्यापुढे आणले आहे. अशी साधने कधी कधी अस्तित्वातच नसलेल्या पुस्तकांची आणि लेखांची नावे, लेखक, वर्ष आणि पृष्ठांकासह देतात, आणि विद्यार्थी ती यादी घेऊन ग्रंथालयात येतात. अशा वेळी ‘आमच्याकडे नाही’ एवढे म्हणून त्याला परत पाठवू नये. अनेक ग्रंथालयांच्या मोठ्या संयुक्त तालिकेत शीर्षक पाहावे, नियतकालिकाच्या त्या अंकाची अनुक्रमणिका उघडावी आणि संदर्भ खोटा असल्यास तो कसा ओळखला हे विद्यार्थ्याला शेजारी बसवून दाखवावे. खऱ्या संदर्भापर्यंत त्याला नेले तर काम पुरे झाले.

गोपनीयता आणि आपत्ती

कोणी काय वाचले हे गुप्त राहिले पाहिजे, हा ग्रंथालयाचा जुना नेम आहे. कागदी कार्डांच्या काळात तो पाळणे सोपे होते. संगणक मात्र सांगितले नाही तर सर्व काही कायम साठवतो. पुस्तक परत आले आणि दंड नसेल तर सभासदाचे नाव त्या देवघेवीपासून ठरावीक दिवसांनी वेगळे करण्याची सोय बहुतेक आज्ञावलींत असते. ती सुरू आहे का ते आजच पाहावे. सभासदत्वाच्या अर्जात जी माहिती लागत नाही ती मागू नये.

सावधगिरी मोठ्या संस्थांनाही अपुरी पडते. ऑक्टोबर २०२३ मध्ये ब्रिटिश लायब्ररीवर खंडणीसाठी सायबर हल्ला झाला, आणि तिची मुख्य तालिका केवळ पाहण्यापुरती परत यायला जानेवारी २०२४ उजाडले. संस्थेने नंतर या घटनेचा अहवाल उघडपणे प्रसिद्ध केला, ही मोठी गोष्ट आहे, कारण त्यातून इतरांना शिकता आले. लहान ग्रंथालयाने निदान एवढे करावे: आज्ञावली अद्ययावत ठेवावी, प्रत्येक कर्मचाऱ्याचे खाते वेगळे असावे आणि त्याला दुहेरी पडताळणी असावी, राखीव प्रतींपैकी एक संगणकांच्या जाळ्यापासून पूर्ण तोडलेली असावी, आणि ती प्रत वापरून तालिका पुन्हा उभी करण्याचा सराव वर्षातून एकदा करावा. त्याशिवाय देवघेवीच्या टेबलाच्या खणात कागदी देवघेवीचे छापील तक्ते ठेवावेत, म्हणजे संगणक बंद पडला तरी वाचक पुस्तक घेऊन घरी जाऊ शकेल.

सेवा सुरू झाल्यावर

संकेतस्थळाला किती जणांनी भेट दिली या आकड्याने फारसे काही कळत नाही. त्यापेक्षा तालिकेत ज्या शोधांना एकही उत्तर मिळाले नाही त्यांची यादी दर महिन्याला काढून घ्यावी. तिच्यातील काही शब्द चुकीच्या वर्णलेखनाचे असतील. ते नावांच्या सूचीत पर्याय म्हणून जोडावेत. काही पुस्तके आपल्याकडे असूनही वेगळ्या विषयनामाखाली दडलेली असतील. त्यांच्या नोंदी दुरुस्त कराव्यात. उरतील ती आपल्याकडे खरोखर नसलेली पुस्तके, आणि ती यादी पुढच्या खरेदीच्या बैठकीत सर्वांत वर ठेवावी.